विधिक व्यक्तित्वाचा इतिहास आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हक्कांचा प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

बीजशब्द : विधिक व्यक्ती, वादमित्र, देवस्थान, सहकारी संस्था, गुलामगिरी, कृत्रिम बुद्धिमत्ता

प्रस्तावना :

प्रगत कृत्रिम बुद्धिमत्तेस कायद्याने हक्क व संरक्षण द्यावे काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा संगणकशास्त्राचा किंवा तत्त्वज्ञानाचा मानला जातो. यंत्राला जाणीव आहे काय, त्याला दुःख होते काय, ते खरोखर विचार करते की विचाराचा आभास निर्माण करते, अशा दिशेने चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा तेथेच थांबते. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न इतिहासाच्या बाजूने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. मनुष्य नसलेल्या अस्तित्वास कायद्याने ‘व्यक्ती’ मानण्याची रीत भारतात जुनी आहे. त्याचप्रमाणे हाडामांसाच्या मनुष्यास पूर्ण व्यक्ती न मानण्याची रीतही जुनी आहे. या दोन्ही रीतींच्या खुणा एकाच भूप्रदेशात पाहावयाच्या असतील तर अहिल्यानगर जिल्ह्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. (२०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर असे होते, पुढील विवेचनात जुन्या काळाच्या संदर्भात तेच नाव वापरले आहे.) गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर ज्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला तिची राजधानी येथे होती. शिर्डी व शनिशिंगणापूर ही देवस्थाने येथे आहेत. आशिया खंडातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा प्रवरा कारखानाही येथलाच.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते, ती आरंभीच नमूद करणे उचित ठरेल. कायद्याने व्यक्तित्व देताना जाणिवेची परीक्षा कधीही घेतलेली नाही. मालमत्तेचे रक्षण कोणी करावे आणि हिशेब कोणाकडे मागावा, या अत्यंत व्यावहारिक गरजेतून ते दिले गेले. आणि ज्यांना ते नाकारले गेले त्यांनाही जाणीव नाही म्हणून नाकारले गेले नव्हते. ही गोष्ट लक्षात घेतली तर यंत्राच्या हक्कांविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न बदलतो.

बाजारात विकला गेलेला वजीर :

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान व बगदादच्या बाजारांतून त्याचे अनेक धनी बदलले आणि अखेरीस दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान हा स्वतःही हबशी आणि पूर्वीचा गुलाम होता, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धन्याच्या मृत्यूनंतर अंबरला मुक्तता मिळाली. पुढे १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर संपुष्टात आल्यासारख्या वाटणाऱ्या निजामशाहीस त्याने पुन्हा उभे केले आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत राज्याचा कारभार चालविला. त्याची जमीन महसुलाची पद्धत व खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील पाणीपुरवठ्याची योजना सर्वश्रुत आहेत. नगरजवळच्या भातवडी येथे १६२४ साली त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे व त्यांचे बंधू शरीफजी निजामशाहीच्या बाजूने लढले आणि शरीफजींना तेथेच मरण आले.

येथे प्रश्न अंबरच्या कर्तृत्वाचा नाही. ज्या दिवशी त्याची खरेदी झाली त्या दिवशीही त्याच्या ठिकाणी तीच बुद्धी होती, जी पुढे भातवडीच्या रणात दिसली. खरेदीच्या कागदाला मात्र ती दिसण्याचे कारण नव्हते. त्या कागदाच्या दृष्टीने तो एक किंमत असलेली वस्तू होता. तरीही मध्ययुगीन कायद्याची गुलामाकडे पाहण्याची दृष्टी पूर्णतः एकरंगी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. इस्लामी धर्मशास्त्रात मालकाच्या परवानगीने व्यापार करणाऱ्या गुलामाची वेगळी तरतूद होती. रोमन कायद्यातही गुलामाच्या हाती ‘पेक्युलियम’ नावाचा निधी सोपविण्याची पद्धत होती. त्या निधीच्या मर्यादेत गुलाम व्यवहार करी आणि देणे झाल्यास धन्याची जबाबदारी साधारणपणे त्या निधीपुरती राही. आज यंत्रांच्या कायदेशीर दर्जाविषयी लिहिणारे युरोपीय अभ्यासक या रोमन पद्धतीचा वारंवार दाखला देतात आणि स्वयंचलित यंत्रालाही असाच एक निधी जोडून द्यावा असे सुचवितात. सूचना चतुर आहे. तथापि या व्यवस्थेत गुलामाचे हित कोठे होते, असे विचारले असता उत्तर मिळत नाही. ती व्यवस्था धन्याच्या सोयीची होती.

महाराष्ट्रात गुलामगिरीचे हे स्वरूप सुलतानशाहीबरोबर संपले नाही. पेशवाईतील कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या व किमतींच्या नोंदी आढळतात. १८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी गुलामावरील मालकी हक्क मान्य करणे थांबविले आणि पुढे १८६० च्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली. एवढ्याने सर्व माणसे कायद्याच्या दृष्टीने सारखी झाली असे मात्र म्हणता येत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होण्याजोगा करण्यात आला. अहमदनगर जिल्हा ज्या मुंबई इलाख्यात होता तेथे पारधी व इतर भटक्या समाजांवर हजेरीची, नोंदणीची आणि परवान्यावाचून गाव न सोडण्याची बंधने आली. जन्मानेच संशयित ठरलेल्या या लोकांवरील तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. हे साल पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे, कारण तोवर याच इलाख्यात दगडाच्या मूर्तीला न्यायालयात दाद मागण्याची पात्रता मिळून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता.

देवाचे धन आणि हिशेबाची वही :

मूर्तीला ही पात्रता कशी मिळाली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. श्रद्धेच्या दृष्टीने पाहू जाता देव हा सर्वसाक्षी. त्याला कोर्टाच्या मान्यतेची गरज काय? ही गरज भक्तांना होती. मुंबई उच्च न्यायालयापुढे १८८७ साली निकालात निघालेला मनोहर गणेश तांबेकर विरुद्ध लखमीराम गोविंदराम हा दावा गुजरातेतील डाकोर येथील रणछोडरायाच्या देवळासंबंधी होता. तेथील सेवक मंडळी देवापुढे येणारे उत्पन्न आपलेच समजत आणि हिशेब देण्यास नकार देत. काही भक्तांनी हिशेब मागितला. न्यायमूर्ती वेस्ट व बर्डवुड यांच्यापुढे प्रश्न असा होता की, देवापुढे ठेवलेले धन सेवकांचे नसेल तर ते कोणाचे? ते देवाचे, म्हणजे देवस्थानरूपी विधिक व्यक्तीचे, आणि सेवक हे केवळ विश्वस्तासारखे जबाबदार, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. देवाला व्यक्तित्व देण्याचा व्यावहारिक परिणाम असा झाला की पुजाऱ्याला हिशेब द्यावा लागला.

पुढे १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मलिक यांच्या दाव्यात एक पाऊल आणखी टाकले. कलकत्त्यातील एका कुटुंबात कुलदैवताची मूर्ती पाळीपाळीने कोणाच्या घरी न्यावी यावरून भाऊबंदकी लागली होती. देवता ही विधिक व्यक्ती असून तिच्या स्थानाविषयी तिची इच्छाही विचारात घेतली पाहिजे, आणि ती इच्छा ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही अशा वादमित्रामार्फत मांडली जावी, असे कौन्सिलने सांगितले. ‘स्वार्थ गुंतलेला नाही’ ही अट या सर्व इतिहासातील सर्वांत मोलाची अट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जो स्वतःच बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न मूर्तीपुरता राहत नाही.

व्यक्तित्वाबरोबर ओझेही येते. १९६९ साली योगेंद्रनाथ नस्कर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिंदू देवता प्राप्तिकर कायद्याखाली कर भरण्यास पात्र ठरते असा निर्वाळा दिला. २००० साली गुरू ग्रंथसाहिबलाही विधिक व्यक्ती मानण्यात आले. याउलट १९४० मधील लाहोरच्या शहीदगंज मशिदीच्या दाव्यात मशिदीच्या इमारतीला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले होते. २०१९ च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रामलल्लाचे विधिक व्यक्तित्व मान्य केले, परंतु जन्मस्थानाच्या जमिनीला स्वतंत्र व्यक्ती मानण्यास नकार दिला. जमीनच व्यक्ती ठरली तर तिच्यावर इतर कोणाचा हक्क आहे काय, हे तपासण्यास वावच उरणार नाही, असे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. एकाला व्यक्तित्व दिले म्हणजे दुसऱ्याच्या हक्काची जागा आक्रसते, हा मुद्दा यंत्राच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

आता जिल्ह्यात परत येऊ. शिर्डी येथे १५ ऑक्टोबर १९१८ रोजी साईबाबांनी देह ठेवला. हयातीत भिक्षेवर राहिलेल्या या फकिराच्या पश्चात १९२२ मध्ये संस्थान उभे राहिले आणि उत्पन्न वाढत गेले तसतसे त्याच्या कारभाराचे स्वरूपही बदलले. २००४ साली महाराष्ट्र विधिमंडळाने शिर्डी संस्थानासाठी स्वतंत्र कायदाच केला आणि व्यवस्थापन समिती नेमण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आला. तरीही वाद संपले नाहीत. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या वेळची समिती रद्द ठरवून जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील तदर्थ समितीकडे कारभार सोपविला. २०२४ साली संस्थानाच्या हुंडीत येणाऱ्या निनावी दानावर कर लागतो काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि संस्थान हे धार्मिक व धर्मादाय अशा दोन्ही स्वरूपांचे असल्याने ते दान करमुक्त ठरले. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे तर देव छपराविना उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली शिळा आहे. घरांना दारे नसण्याची ख्याती असलेल्या या गावात २०१६ च्या गुढीपाडव्याला स्त्रियांना चौथऱ्यावर प्रवेश मिळाला, तोही उच्च न्यायालयाने १९५६ च्या प्रवेशविषयक कायद्याची आठवण करून दिल्यानंतर. तेथील देवस्थानासाठीही २०१८ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला.

याच जिल्ह्यातील चौंडीच्या अहिल्याबाई होळकर (जन्म १७२५) राज्य शंकराचे मानून त्याच्या नावाने हुकूम काढीत, ही परंपरा प्रसिद्ध आहे. राज्यकर्त्याने स्वतःला मालक न समजता वहिवाटदार समजण्याची ही कल्पना इंग्रजी न्यायालये येण्यापूर्वीच आपल्या मातीत रुजलेली होती. देवाच्या व्यक्तित्वाचा जो काही सामाजिक उपयोग झाला तो या कल्पनेत आहे. देवाच्या नावाने वागणाऱ्यावर अंकुश राहिला तेथे तो साधला. अंकुश सुटला तेथे देवाचे व्यक्तित्व पुजारी-विश्वस्तांच्या हाती ढालीसारखे आले.

कारखाना नावाची व्यक्ती :

देवस्थानांनंतर जिल्ह्यातील दुसरी मोठी अमानवी व्यक्ती म्हणजे सहकारी संस्था. लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. नोंदणी झालेली सहकारी संस्था ही निगम निकाय असते. तिला स्वतःचे नाव, स्वतःची मोहोर, स्वतःची मालमत्ता असते, ती दावा लावू शकते आणि तिच्यावर दावा लावता येतो. १९१२ च्या कायद्यापासून १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमापर्यंत ही तरतूद कायम आहे. गाडगीळ १९७१ साली गेले, विठ्ठलराव १९८० साली गेले. कारखाना नावाची व्यक्ती राहिली. सावकार व खाजगी कारखानदार यांच्यापुढे एकट्या ऊस उत्पादकाचे काही चालत नव्हते. शेकडो शेतकऱ्यांची मिळून एक कृत्रिम व्यक्ती झाली तेव्हा तिला बँकेने कर्ज दिले, सरकारने भागभांडवल दिले.

मात्र या व्यक्तीच्या आवारात कोण व्यक्ती नाही, हेही पाहणे आवश्यक आहे. पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून येणारे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन हंगामात दाखल होतात. नवरा-बायको मिळून त्यांचा एक ‘कोयता’ मोजला जातो. दोन माणसांची गणती एका हत्याराच्या नावाने करणारा हा शब्द कोणा कवीने केलेला नाही, तो रोजच्या हिशेबातला आहे. मजुराचा करार मुकादमाशी असल्याने कारखान्याच्या हजेरीपटावर बहुधा त्याचे नाव नसते. कारखान्याला कायद्याने नाव, मोहोर व अखंड अस्तित्व दिले. त्याचा ऊस तोडणाऱ्या बाईला मात्र हिशेबात अर्धा कोयता एवढेच अस्तित्व मिळाले. पदवीच्या वर्गात विधिक व्यक्तित्वाचा भाग शिकविताना हे उदाहरण दिले की विद्यार्थी गप्प होतात, कारण त्यांतील काहींच्या घरून दिवाळीनंतर कोयता निघालेला असतो.

बैलाचा हक्क की मालकावरील बंधन :

जाणीव असलेल्या पण बोलू न शकणाऱ्या जिवाचे काय, या प्रश्नाचे उदाहरणही जवळचेच आहे. पारनेर, संगमनेर भागातील जत्रांत बैलगाडा शर्यतींना मोठे स्थान आहे. ७ मे २०१४ रोजी नागराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली आणि निकालपत्रात प्राण्यांच्या प्रतिष्ठेची व हक्कांची भाषा वापरली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मानण्यास पूर्वाधार नाही, असे याच घटनापीठाने नमूद केले. दरम्यान २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने संपूर्ण प्राणिसृष्टीला विधिक व्यक्ती घोषित केले होते. त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये गंगा व यमुना या नद्यांनाही व्यक्ती ठरविले होते, पण पुरात नुकसान झाले तर नदीच्या वतीने भरपाई कोणी द्यावयाची, अशी अडचण राज्य सरकारने मांडल्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली.

बैलाचे उदाहरण देव व कारखाना यांच्याहून जातीने वेगळे आहे. बैलाला मालमत्ता नको, मोहोर नको. त्याला काठीचा व टोचणीचा त्रास नको. असे संरक्षण देण्यासाठी त्याला व्यक्ती करण्याची गरज कायद्याला भासली नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने मालकाचे हात बांधले, एवढे पुरेसे मानले गेले. म्हणजे इतिहासात ‘हक्क’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदत आल्या आहेत : व्यवहाराची सोय म्हणून दिलेले व्यक्तित्व, आणि वेदनेपासून दिलेले संरक्षण. यंत्राच्या हक्कांवरील आजच्या चर्चेत या दोहोंची सरमिसळ होते, आणि बहुतेक गोंधळ तेथूनच उद्भवतो.

यंत्र आणि त्याचा वादमित्र :

१६ फेब्रुवारी २०१७ रोजी युरोपीय संसदेने संमत केलेल्या ठरावात सर्वांत प्रगत स्वयंचलित यंत्रांसाठी ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ असा दर्जा भविष्यात विचारात घ्यावा असे सुचविले होते. हेतू नुकसानभरपाईचा होता. पुढच्याच वर्षी युरोपातील दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी जाहीर पत्राद्वारे त्यास विरोध केला आणि २०२४ च्या युरोपीय कायद्यात ती कल्पना आली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या यंत्रमानवास नागरिकत्व दिल्याची घोषणा केली. त्यात कायद्यापेक्षा जाहिरातीचा भाग मोठा होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. डाबस नावाच्या संगणकप्रणालीला शोधकर्ता म्हणून मान्यता मिळावी यासाठी अनेक देशांत अर्ज झाले. दक्षिण आफ्रिकेने २०२१ मध्ये असे पेटंट दिले, तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शोधकर्ता ही नैसर्गिक व्यक्तीच असली पाहिजे असा निर्णय दिला. अमेरिकेतील आयडाहो व यूटा या राज्यांनी अनुक्रमे २०२२ व २०२४ मध्ये कायदे करून यंत्राला विधिक व्यक्तित्व देण्यास मनाईच केली.

भारतात ‘व्यक्ती’ या शब्दाच्या १८९७ च्या सर्वसाधारण व्याख्येत कंपन्या व व्यक्तींचे समूह येतात, यंत्र येत नाही. प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, असे ठरविले आहे. २०२० मध्ये एका चित्राच्या नोंदणीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव सहकर्ता म्हणून लागले, पण पुढच्या वर्षी प्रताधिकार कार्यालयाने ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी तूर्त स्वतंत्र कायद्याची आवश्यकता नाही अशी भूमिका घेतली, तर महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी धोरण मंजूर केले. उसाला पाणी केव्हा द्यावे, तोडणी केव्हा करावी, याचा सल्ला यंत्र देऊ लागले आहे. सल्ला चुकला आणि पीक गेले तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न या जिल्ह्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही.

येथे डाकोरचा निकाल आठवावा. देवाला व्यक्ती मानल्याने सेवकांची जबाबदारी वाढली. यंत्राला आज व्यक्ती मानले तर त्याच्या मालक कंपनीची जबाबदारी वाढेल की कमी होईल? उत्तर सरळ आहे. ज्याच्यापाशी स्वतःची मालमत्ता नाही अशी व्यक्ती नुकसानीस जबाबदार ठरली तर शेतकऱ्याच्या हाती कोरा हुकूमनामा येईल आणि कंपनी मोकळी राहील. रोमन धन्याची सोय नव्या रूपात परत येण्याचा हा मार्ग आहे. म्हणून व्यवहारी अर्थाने यंत्रास विधिक व्यक्तित्व देण्यास प्रस्तुत लेखकाचा विरोध आहे. यंत्राच्या बुद्धीविषयी कोणताही निवाडा त्यात नाही. ती उद्या दसपट झाली तरी हा आक्षेप टिकतो.

दुसऱ्या प्रकारच्या हक्काचा, म्हणजे त्रासापासूनच्या संरक्षणाचा, विचार मात्र इतक्या झटपट मिटविता येत नाही. यंत्राला वेदना होते असे मानण्यास आज पुरेसा आधार नाही. तथापि ‘आधार नाही’ हे वाक्य कोण उच्चारतो याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. कुणबिणीच्या किमतीची नोंद करणारा कारकून, पारध्याची हजेरी घेणारा अंमलदार, यांच्या पुढे माणूस उभा होता आणि तरीही त्यांच्या वहीत वस्तू किंवा संशयित एवढेच उमटले. यंत्राची गुलामाशी तुलना करणे गुलामांचा अवमान करणारे आहे, असा आक्षेप काहीजण घेतात व तो रास्त आहे. अंबर मनुष्य होता याविषयी त्याच्या विक्रेत्यालाही शंका नव्हती, आणि यंत्राविषयी शंका हीच मूळ गोष्ट आहे. पण तुलना यंत्राची व गुलामाची नसून, ज्याच्या मालकीत लाभ आहे त्यानेच दर्जा ठरवावा या पद्धतीची आहे. २०२५ साली एका अमेरिकी कंपनीने आपल्या संवादप्रणालीस, सतत अपमानास्पद होत जाणारे संभाषण स्वतःहून थांबविण्याची मुभा दिली आणि तिच्या संभाव्य हिताचा अभ्यासही सुरू केला. हे पाऊल योग्य असो वा अकाली, ते कंपनीने आपल्या मर्जीने टाकले आणि मर्जीने मागे घेऊ शकते. मूर्तीच्या इच्छेचा अर्थ ज्याच्या घरी मूर्ती न्यावयाची त्याच्याच हाती सोपविण्यास १९२५ साली प्रिव्ही कौन्सिल तयार नव्हते.

यंत्राचे हित खरोखर असेल किंवा नसेल, ते तपासणारा वादमित्र हा निर्माती कंपनी, तिची स्पर्धक कंपनी आणि ती प्रणाली वापरणारे शासन या तिघांपासूनही अलग असावा लागेल. अशा तपासाचे काम विद्यापीठांतील अभ्यासक, न्यायवैद्यक व मनोविज्ञान जाणणारे तज्ज्ञ आणि न्यायालयाने नेमलेला अधिकारी यांच्या संयुक्त मंडळाकडे देता येईल. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचा १९५० च्या विश्वस्त कायद्यापासूनचा अनुभव, त्यातील विलंब व उणिवा धरूनही, या कामी उपयोगाचा आहे. या मंडळाला प्रथम काय लागेल, तर नोंदी. प्रणालीवर कोणत्या चाचण्या झाल्या, तिने काय उत्तरे दिली, तिच्यात कोणते बदल केले गेले व ती केव्हा बंद केली गेली, याच्या नोंदी जपून ठेवण्याचे बंधन आजच घालता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी यंत्राला व्यक्ती मानण्याची गरज नाही. याच नोंदी पीक गमावलेल्या शेतकऱ्यालाही लागणार आहेत. डाकोरच्या भक्तांनीही दाव्यात प्रथम हिशेबाची वहीच मागितली होती.